गेलनचा ट्रॅक्टर फोडताना

लेलंड ब्रेक्के जो ट्रॅक्टर दुरुस्तीसाठी मधोमध फोडायला निघाला होता तो कागदोपत्री त्याच्या बायकोचा होता. खोऱ्यात मात्र सगळे त्याला गेलनचा ट्रॅक्टर म्हणत. गेलन थोर्सगार्ड वारल्याला सात वर्षं झाली होती आणि त्याच्या बायकोशी, आर्डिसशी, लेलंडने लग्न केल्याला तीन. तरी शेड गेलनची होती, शेडकडे चढणारा रस्ता गेलनचा चढ होता, आणि घरामागची सफरचंदाची तीन झाडं लेलंडने छाटली तरी फळं गेलनच्या झाडांना लागत.

रोज सकाळी नऊला आणि दुपारी तीनला पशुखाद्याच्या गिरणीत, पोत्यांच्या थप्पीमागच्या लांब टेबलावर, पाच-सहा म्हातारे कॉफी प्यायला जमत. लेलंड तिथे तीन वर्षं बसत होता आणि अजून पलीकडच्या जिल्ह्यातून आलेलाच समजला जात होता.

“फोडतोयस म्हणे गेलनचा ट्रॅक्टर,” सोमवारी सकाळी मिल्टन स्कार म्हणाला. मिल्टन ऐंशीचा होता. टेबलाच्या टोकाची खुर्ची त्याची.

“क्लच घसरतोय. मळणीच्या मेळ्यात आर्डिसला तो चालवत न्यायचाय. दोन आठवडे राहिलेत.”

“चौऱ्याऐंशी साली गेलनने दोन दिवसांत उरकलं होतं, त्यानंतर कोणाला तो उघडावाच लागला नाही. आणि शेड अशी की आत जाताना बूट काढावेसे वाटायचे.”

“मला चार दिवस लागतील.”

“लागू देत की. गेलन काही बघायला येत नाही.”

सगळे हसले. लेलंडही हसला, इतरांपेक्षा अर्धा सेकंद उशिरा.

“एवढा टापटिपीचा माणूस,” डॅरिल होवडे म्हणाला, “पण त्याचा ट्रॅक्टर जिथे उभा राहील तिथे तेलाने ओलं करायचा. चर्चच्या आवारात आणला की खाली पुठ्ठा अंथरायचा बिचारा. आम्ही किती पिडलं त्याला. म्हटलं, गेलन, लंगोट बांध त्याला.”

“मग काय म्हणायचा तो?” लेलंडने विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं. गेलनबद्दलची प्रत्येक गोष्ट त्याने निदान दोनदा ऐकली होती, तरी न विचारता राहवत नसे.

“म्हणायचा, म्हातारा झालाय तो, तुमच्यावर वेळ आली की कळेल.” होवडेने कप खाली ठेवला. “कधी चिडला नाही हो. तसा माणूस पुन्हा होणे नाही.”

लेलंडने चौतीस वर्षं रस्ते खात्याच्या कार्यशाळेत बर्फ काढणाऱ्या गाड्या दुरुस्त केल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. आर्डिस टपाल वाटायची. निवृत्तीआधीच्या शेवटच्या हिवाळ्यात तिची गाडी रस्त्याकडेच्या चरात गेली आणि ती बाहेर ओढायला लेलंड गेला. तेव्हा तो पासष्टचा होता आणि ती सदुसष्टची. गाडी बाहेर आल्यावर तिने त्याला थर्मासमधली कॉफी दिली आणि विचारलं, “साखळी बांधायच्या आधी तू गाडीखाली वाकून एवढं काय बघत होतास?” त्याने खरं ते सांगितलं, की साखळी कुठे बांधली म्हणजे काहीही वाकणार नाही ते. ती म्हणाली, बहुतेक लोक बघत नाहीत. त्या वाक्यावर तो वर्षभर जगला.

आपण मेलेल्या माणसावर जळतो आहोत हे त्याला कळत होतं. जिवंत माणसाशी बरोबरी करता येते, कारण जिवंत माणूस आज ना उद्या चुकतो. गेलन सात वर्षांत एकदाही चुकला नव्हता. शेडच्या भिंतीवर त्याने प्रत्येक हत्याराची जागा पांढऱ्या रंगाने आखून ठेवली होती. लेलंडचा मोठा पाना त्याच्या आकृतीत बसत नसे, दोन्ही बाजूंनी बोटभर बाहेर राही. रोज तो तिथेच टांगायचा आणि रोज त्याला ते दिसायचं.

या जातीच्या ट्रॅक्टरला वेगळी चौकट नसते. पुढे इंजिन, मागे गिअरबॉक्स, दोन्ही बोल्टांनी एकमेकांना जखडलेले, आणि तोच त्याचा कणा. क्लच या दोघांच्या मध्ये असतो. म्हणून क्लचपर्यंत पोचायचं तर ट्रॅक्टर कमरेत तोडून मागचं धूड चाकांवर मागे ढकलावं लागतं. चुकलं तर पुढचा भाग एका कुशीवर कलंडतो, कारण पुढचा आस मधल्या एका खिळीवर झुलता असतो.

लेलंडने सोमवारी वरचं झाकण उतरवलं, बॅटरी काढली, तारा सोडवल्या. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच आकडा लिहून चिकटवला. बोल्ट केकच्या साच्याच्या खळग्यांत ठेवले आणि प्रत्येक खळग्यापाशी खडूने लिहिलं की कुठला. गिअरबॉक्समधलं तेल काढलं. स्टिअरिंगचे दांडे सोडवले. मग पुढच्या आसाच्या दोन्ही बाजूंना ओकच्या पाचरी ठोकल्या, इंजिन झुलू नये म्हणून.

आर्डिस कॉफी आणि रूबार्बच्या आंबटगोड वड्या घेऊन आली. तिने खाली वाकून पाहिलं.

“पाचरी घातल्यास ना?”

“घातल्या.”

“गेलन आधी पाचरी घालायचा, मग बाकी सगळं.”

“मी बाकी सगळं केलं, मग पाचरी घातल्या. फोडायच्या आधी घातल्या म्हणजे झालं.”

“मी कुठे काय म्हणतेय,” आर्डिस म्हणाली आणि वडीचा तुकडा त्याच्या तोंडासमोर धरला, कारण त्याचे हात तेलाचे होते.

दोघांनी मिळून मागचा भाग ढकलला. तिला कुठे हात लावायचा ते सांगावं लागलं नाही. चाकाच्या वरच्या कडेला धरून तिने अंग टाकलं, आणि सत्तर वर्षांचा ट्रॅक्टर मधोमध उघडला. दोन फूट फट पडली. आतून जळकट तेलाचा आणि झिजलेल्या क्लचच्या भुकटीचा वास आला. आर्डिसने तो ओळखीच्या माणसाकडे बघावं तसा हुंगला. हेही लेलंडच्या नजरेतून सुटलं नाही.

मंगळवारी सकाळी त्याने क्लचची प्लेट काढली. ती तेलाने काळी पडली होती. घसरणार नाहीतर काय. फ्लायव्हील, म्हणजे क्लच ज्याला टेकतो ते जड चाक, गावातल्या लेथवाल्याकडे तासायला पाठवलं, ते शुक्रवारी मिळणार होतं. मग तो मागच्या भागाकडे वळला. तिथे गिअरबॉक्समधून एक शाफ्ट बाहेर येतो आणि त्याच्याभोवती एक सील असतं, रबराची पातळ कड आणि तिला शाफ्टवर दाबून धरणारी नाजूक स्प्रिंग. स्प्रिंगची बाजू नेहमी तेलाकडे. तेलाचा दाब आला की कड शाफ्टवर आणखी आवळली जाते. उलटं बसवलं तर तोच दाब कड उचलतो आणि तेल थेंबाथेंबाने क्लचवर येतं.

लेलंडने हातातल्या बॅटरीचा उजेड धरला आणि पाहिलं. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

स्प्रिंग त्याच्याकडे बघत होती.

त्याने सील उलटं आहे याची तीन प्रकारे खात्री केली. आरसा धरून पाहिलं. फोटो काढला. नव्या सीलचं पाकीट फोडून ते शेजारी धरलं. पस्तीस वर्षं गळत होतं ते म्हातारपणाने नाही. गेलन थोर्सगार्डने, पाने आखून टांगणाऱ्या माणसाने, सील उलटं ठोकलं होतं. शिकाऊ पोरंही पहिल्याच महिन्यात ही चूक करून मोकळी होतात.

त्याला आनंद झाला. नाकारण्यात अर्थ नव्हता. छातीत इतकं हलकं वाटलं की तो क्षणभर जॅकच्या दांड्याला धरून उभा राहिला. सील काढण्याआधी त्याने त्याच्या बाहेरच्या बाजूला खडूने फुली मारली. मग ते उपसून काढलं, पुसलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. आर्डिस गावात दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. घड्याळात पावणेतीन झाले होते.

गिरणीच्या टेबलावर त्याने सील मधोमध ठेवलं, फुलीची बाजू वर.

“हे गेलनच्या ट्रॅक्टरमधलं,” तो म्हणाला. “फुली क्लचच्या बाजूला होती.”

होवडेने ते उचललं. मिल्टनने हात पुढे केला तसं त्याच्याकडे दिलं. टेबलावरच्या प्रत्येकाने आयुष्यात पन्नास तरी सीलं बसवली होती, कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

“उलटं,” मिल्टन म्हणाला.

“उलटं.”

“गेलनने?”

“चौऱ्याऐंशीनंतर तो ट्रॅक्टर कोणी उघडलेला नाही. तूच म्हणालास.”

मिल्टनने ते पुन्हा उलटून पाहिलं. मग होवडेच्या पोटातून हसू वर आलं. “म्हणजे म्हातारपणबिम्हातारपण काही नाही. अरे, अठ्ठावीस वर्षं पुठ्ठे अंथरले त्याने. आज घरी बायकोला, व्हर्नाला, सांगतो. तिला अजून वाटतं गेलनसारखा कारागीर नाही. मी जरा काही बिघडवलं की त्याचं नाव काढते.”

“सांग,” लेलंड म्हणाला.

तो निघाला तेव्हा मिल्टन सील अजून बोटांत फिरवत होता. परत देताना म्हणाला, “हुशार आहेस तू, लेलंड.” त्यात कौतुक किती आणि दुसरं काय किती, ते लेलंडला ठरवता आलं नाही. घरी जाताना छातीतलं हलकेपण निम्म्यावर आलं होतं. तरी निम्मं पुष्कळ होतं.

संध्याकाळी जेवणाला मक्याची कणसं होती. आर्डिस दाढेची भूल उतरायची वाट बघत नुसतीच बसली होती. लेलंडने सील रुमालावर ठेवून तिच्यापुढे सरकवलं.

“आज एक गंमत सापडली. गेलनने हे उलटं बसवलं होतं.”

त्याने आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला होता. आर्डिसने सील हातात घेतलं, नखाने स्प्रिंग थोडी उचलून सोडली.

“गेलनने नाही,” ती म्हणाली. “मी.”

लेलंडने कणीस खाली ठेवलं.

“त्या ऑक्टोबरात त्याचं मनगट मोडलं होतं. कोपरापर्यंत प्लास्टर. मका काढायचा होता, ट्रॅक्टर हवाच होता. म्हणून सगळं मी केलं. तो समोर बादली पालथी घालून बसायचा आणि सांगायचा, हा पाना घे, तो बोल्ट सोड. दोन दिवस. माझ्या हाताने ट्रॅक्टर फुटला आणि माझ्या हाताने जोडला गेला.” ती थोडंसं हसली, भूल दिलेल्या बाजूने हसू खाली ओघळल्यासारखं झालं. “दुसऱ्या आठवड्यापासून गळायला लागलं. तो म्हणाला, जुना आहे, गळणारच. दोन हिवाळ्यांनी मी धुण्याच्या मशीनचं सील बदललं आणि त्याच्या कागदावरचं चित्र पाहिलं, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याला विचारलं, मी ते उलटं घातलं का? तर म्हणाला, मला काही आठवत नाही.”

“खरंच आठवत नव्हतं?”

“तो माझ्यापासून तीन फुटांवर बसला होता, लेलंड. मला वाटतं, मी ठोकत होते तेव्हाच त्याने पाहिलं होतं. मी इतकी खूश होते.”

दुपारी त्याने गेलनची चूक म्हणून जे खिशात घातलं होतं ते आता टेबलावर होतं आणि त्याच्याकडे बघणं कठीण झालं होतं. अठ्ठावीस वर्षं. आठवड्याला एक पुठ्ठा धरला तर चौदाशेच्या वर पुठ्ठे. प्रत्येक मेळ्यात, चर्चच्या आवारात लोकांची तीच लंगोटाची चेष्टा, आणि एकदाही तोंडातून शब्द नाही. याच्यासमोर गाडीला साखळी नीट बांधणं म्हणजे काय होतं?

“कोणाला दाखवलंस का हे?” आर्डिसने विचारलं.

“नाही.”

शब्द आधी निघाला, मग त्याला कळलं की आपण खोटं बोललो.

“नको दाखवूस. गिरणीत एकदा गेलं की संपलं. त्याला हसतील, आणि बोलायला तो नाही.”

तिने सील रुमालात गुंडाळून त्याच्याकडे परत दिलं.

गुरुवारी चर्चच्या तळघरात बायका गोधड्या शिवायला बसायच्या. व्हर्ना होवडे आर्डिसच्या शेजारी बसायची. म्हणजे लेलंडपाशी बुधवारचा एक दिवस होता. त्या रात्री तो लवकर झोपला नाही, पण विचारही फार केला नाही. सगळं सरळ होतं. गुरुवारी तिला कळणार की आपल्या चुकीसाठी आख्खं खोरं गेलनला हसतंय, आणि ते लेलंडमुळे. गेलनने अठ्ठावीस वर्षं जे झाकलं ते लेलंडने एका दुपारी, कॉफीचा एक कप संपायच्या आत, उघडं केलं. तिने त्याला घरातून काढलं नसतं. ती काही बोललीही नसती कदाचित. फक्त पुढे कधी पाचरी घातल्यास का असं विचारताना तिच्या मनात गेलन असणार आणि ते बरोबरच असणार.

बुधवारी सकाळी त्याने आधी नवं सील बसवलं, स्प्रिंग तेलाकडे, आणि नऊला गिरणीत गेला.

“काल मी चुकीचं बोललो,” तो खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला. “गेलनचं सील बरोबर होतं.”

“फुली होती की,” होवडे म्हणाला.

“फुली मी नंतर मारली. आधी काढून बाकावर टाकलं होतं. फोन आला म्हणून बाहेर गेलो, परत आलो तोवर कुठली बाजू वर होती ते विसरलो. अंदाजाने मारली.”

मिल्टनने चष्म्यावरून पाहिलं. “खूण न करता काढलंस.”

“हो.”

“तू. बोल्टाबोल्टाची नोंद ठेवणारा माणूस.”

“हो म्हटलं ना.”

“मग गळत का होतं?”

“शाफ्टवर चर पडलाय. नवं सील घातलं तरी चरातून येतंच तेल.” शाफ्ट गुळगुळीत होता. लेलंडने आयुष्यात यंत्राबद्दल पहिल्यांदाच खोटं सांगितलं होतं आणि ते इतकं सहज जमलं याची त्याला किळस आली.

होवडेने टेबलावर हात आपटला. “तरी म्हटलं. गेलन आणि असलं काम? रात्री मी व्हर्नाला सांगितलं तर तिने माझ्याशी बोलणंच टाकलं. म्हणाली, त्या लेलंडला काय कळतंय.”

“तिचं बरोबर आहे,” मिल्टन म्हणाला. “रस्ते खात्यात तुला खूण न करता काढायला शिकवलं का रे?”

“बर्फाच्या गाड्या त्या. कशाही जोडल्या तरी बर्फाला काय कळतं,” कोणीतरी म्हणालं.

“आर्डिसला सांग, मेळ्यात बसायच्या आधी पुढची चाकं पुढेच आहेत ना बघून घे.”

लेलंड कॉफी पीत राहिला. पहिल्या पाच मिनिटांत त्याला कळलं की हे एक दिवसाचं नाही. उद्या, पुढच्या वर्षी, तो मेल्यावरसुद्धा, कोणी काही उलटं बसवलं की त्याचं नाव निघणार. आणि त्याच श्वासात गेलनचं, दुसऱ्या कारणासाठी. त्याने घड्याळाकडे पाहिलं. गेलनला अठ्ठावीस वर्षं जमलं होतं, त्याला सात मिनिटं झाली होती. तो पूर्ण अर्धा तास बसला. घरी गेल्यावर आर्डिसने विचारलं, काय म्हणतायत गिरणीवाले? तो म्हणाला, पाऊस म्हणतायत. तिला सांगावं असं त्याला इतकं वाटत होतं की दुपारभर तो शेडमधून घरात आलाच नाही. पण सांगितलं की त्याची किंमत गेली. गेलनने सांगितलं नव्हतं.

गुरुवारी चारच्या सुमारास आर्डिस सरळ शेडमध्ये आली, पायात चर्चचे बूट तसेच.

“व्हर्ना मला विचारत होती, लेलंडला डोळ्यांनी कमी दिसायला लागलंय का.”

लेलंड फडक्याला हात पुसत राहिला.

“सगळी हकीकत सांगितली तिने. मंगळवारी काय म्हणालास, बुधवारी काय म्हणालास. मंगळवारी तीन वाजता म्हणे. मी तुला मंगळवारी रात्री विचारलं होतं.”

“हो. तेव्हा दाखवून झालं होतं. मी खोटं बोललो.”

“आणि मग माझ्यासाठी जाऊन परत खोटं बोललास.”

तिने त्याला सुटायची वाट काढून दिली होती. हो म्हणाला असता तर कदाचित तिथेच संपलं असतं. लेलंडने हातातलं फडकं खाली ठेवलं.

“तुझ्यासाठी नाही. गेलनने अठ्ठावीस वर्षं केलं. मला एक दिवस तरी जमतं का ते बघायचं होतं.”

आर्डिस त्याच्याकडे बघत राहिली. मग ट्रॅक्टरच्या दोन भागांमधल्या फटीकडे.

“तुला काय वाटलं, मला ते आवडायचं?” ती म्हणाली. “दर शनिवारी तो पुठ्ठा बदलायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं मला. दर शनिवारी माझी चूक घडी करून शेगडीत घालायचा आणि नवीन अंथरायचा, आणि आत येऊन माझ्याकडे बघून हसायचा. मी तीनदा म्हटलं, उघडूया, मी नीट करते. तर म्हणे, एवढ्याशा थेंबासाठी कशाला. लोक त्याला हसायचे तेव्हा मला तिथून उठून जावंसं वाटायचं. मला माया नको होती, लेलंड. मला ते सील बदलायचं होतं.”

“मंगळवारी तू हसत सांगत होतीस.”

“दाढ बधिर होती.”

लेलंडला हायसं वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली. गेलन एकदा तरी चुकला होता, आणि ती चूक उलट्या सीलाची नव्हती. ही गोष्ट कोणाला सांगण्यासारखी नव्हती आणि सांगायची गरजही वाटली नाही. एवढं मात्र त्याच्या लक्षात आलं की जळफळाट गेला नव्हता. अठ्ठावीस वर्षं तिला कोणावर तरी इतकं रागवता आलं होतं, आता तो त्याचाही हेवा करत होता.

“नवं बसवलंस?” आर्डिसने विचारलं.

“काल.”

“काढ.”

“बरोबर बसलंय ते. काढलं तर वाया जाईल.”

“तू सगळं दोन-दोन मागवतोस. दुसरं असणार.”

दुसरं होतं. त्याने आपणच बसवलेलं निर्दोष सील स्क्रू ड्रायव्हरने उपसून काढलं, आणि प्रत्येक आवाजाला त्याचा जबडा घट्ट होत गेला. आर्डिसने चर्चचे बूट काढून त्याचे जुने रबरी बूट चढवले, बाह्या सारल्या. पाकीट फोडलं, सील दिव्याखाली धरून दोन्ही बाजू पाहिल्या. त्याला काही विचारलं नाही. स्प्रिंगची बाजू आत ठेवून तिने कड बोटाने तेलाने माखली, सील जागेवर टेकवलं, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि हातोडी उचलली.

लेलंड तिच्यापासून तीन फुटांवर बॅटरी धरून उभा होता. चार ठोक्यांत सील अर्धं आत गेलं. तिचा चेहरा उजळला होता. बॅटरीच्या तिरप्या उजेडात त्याला दिसलं की डावी कड केसभर मागे राहिली आहे. आणखी दोन ठोके तसेच पडले तर ते वाकडं बसेल. वाकडं बसलं तरी लगेच कळणार नव्हतं. मेळा तर नक्की पार पडला असता.

“डावी बाजू मागे आहे,” तो म्हणाला.

“दिसतंय मला,” आर्डिस तडकून म्हणाली. “तू तो उजेड नीट धर.”

त्याने बॅटरी डावीकडे वळवली. तिने ठोकळा सरकवला आणि डाव्या कडेवर एक हलका ठोका दिला, थांबून बोट फिरवून पाहिलं आणि पुन्हा एक दिला.